ढोलाच्या गावात जुना ॲम्प्लिफायर

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आता महाराष्ट्रभर ठाऊक झाली आहे. इ. स. १२४६ पासून ती चालत आल्याचे परंपरेने सांगितले जाते. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक कमरेच्या घुंगरांच्या तालावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. त्या ढोलांना विजेची गरज लागत नाही. कातडे सैल पडले, आवाज बसला, की ढोल शेकोटीपाशी न्यायचा, जरा तापवायचा, की तो पुन्हा बोलू लागतो. हे सारे पाहायला दुरून लोक येतात, छायाचित्रे निघतात, वर्तमानपत्रांत छापून येतात.

होळी सरली की याच डोंगरात लग्नसराई उभी राहते. तिथे वाजणाऱ्या एका वाद्याचे छायाचित्र मात्र सहसा कोणी छापत नाही. ते वाद्य म्हणजे गिटार, आणि तीही विजेवरची.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सीमेपलीकडच्या तापी, नर्मदा, डांग या गुजरातच्या जिल्ह्यांत आदिवासी लग्नांतल्या बँडपार्ट्यांचे एक निराळेच जग आहे. गाडीवर स्पीकरची भिंत रचलेली, एकाच्या पुढ्यात की-बोर्ड, दुसऱ्याच्या हाती ऑक्टोपॅडच्या काड्या, एक बेस गिटारवर आणि एक साध्या गिटारवर. चाल टिमलीची किंवा रोडालीची, आणि पुढे हातात हात गुंफलेली माणसांची लांबच लांब रांग. या संगीताला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. डीजेच्या दणदणाटाने जुनी वाद्ये गेली ही तक्रार खोटी नाही. पण गाडीवर रेकॉर्ड लावून बसणे वेगळे आणि चार पोरांनी तासन्‌तास हाताने वाजवणे वेगळे. पावरीवर किंवा बासरीवर जी चाल निघायची तीच पोराने तारेवर बसवली असेल, तर त्याला डीजेच्या रांगेत बसवणे मला तरी पटत नाही.

पण विजेची गिटार हे मोठे परावलंबी वाद्य आहे. साध्या गिटारला पोकळ पोट असते, तिचा आवाज त्यातून घुमतो. विजेची गिटार भरीव लाकडाची. ती नुसती छेडली तर आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही धड पोचत नाही. तारेखाली लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उमटते. तिला शेकडो-हजारो पटींनी वाढवून स्पीकर हलवायचा, हे काम ॲम्प्लिफायरचे. म्हणजे गिटार घेतली तेव्हा निम्मेच वाद्य घेतले. उरलेले निम्मे दुसऱ्या खोक्यात असते आणि त्याचे पैसे निराळे पडतात.

ते पैसे कुठून येतात, हे पाहिल्याशिवाय या खरेदीचे मोल कळणार नाही. या डोंगरपट्ट्यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडत पाच-सहा महिने कोयता चालवायचा आणि हंगाम सरताना हिशेब होऊन जे हाती येईल ते घेऊन घरी परतायचे. अशा घरातल्या एखाद्या मुलाने त्यातून चार हजार रुपये बाजूला काढून जुना ॲम्प आणला आणि तो ऐन लग्नात गप्प बसला, तर हौसेवर पाणी पडतेच. शिवाय ती सुपारी जाते आणि पुढची कोणी देत नाही. शहरातल्या मुलाचा ॲम्प बिघडला तर तो एक रविवार वाजवत नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून जुना ॲम्प घेताना पहिला प्रश्न ‘आवाज कसा आहे’ हा नसावा. पहिला प्रश्न हा, की बिघडला तर तो आपल्याकडे दुरुस्त होईल का?

इथे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, म्हणजे ज्याला सॉलिड स्टेट म्हणतात त्या ॲम्पची बाजू घ्यावी लागते. गिटारवाल्यांच्या जगात या जातीला थोडे खालच्या पंक्तीला बसवतात. खरा मान काचेच्या व्हॉल्व्हचा. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवेल, बटण फिरवल्यावर मिनिटभर काही ऐकू यायचे नाही, मग आतला लालसर उजेड वाढत जायचा आणि आवाज हळूहळू वर यायचा. तसल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून जोरात वाजवलेली गिटार एक गोड खरखर धरते, आणि त्या खरखरीवर अर्धे रॉक संगीत उभे आहे. पण त्या ॲम्पच्या पोटात तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळत असतो, अंगात वजनदार ट्रान्सफॉर्मर असतात आणि काचेचे दिवे झिजले की बदलावे लागतात. हे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मोलगीच्या घाटात जीपच्या टपावर आदळत जाणारा काचेचा दिवा, आणि तो फुटल्यावर स्लोव्हाकियातून मागवायचा नवा! हा संसार आपल्याला झेपणारा नाही.

ट्रान्झिस्टरचा जन्म अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये झाला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्याबद्दल १९५६ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. १९६० च्या दशकात गिटारचे ॲम्प ट्रान्झिस्टरवर बनू लागले. त्यातले सुरुवातीचे बरेचसे कोरड्या आवाजाचे आणि नाजूक निघाले, आणि बदनामी तिथूनच चिकटली. पुढे रोलँड या जपानी कंपनीने १९७५ मध्ये ‘जॅझ कोरस’ नावाचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प काढला, त्याचा स्वच्छ आवाज आजही जगभर नावाजला जातो. ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग वर्षानुवर्षे लॅब सीरीज नावाचा ट्रान्झिस्टरचाच ॲम्प वापरत असे. त्याचे कोणी काही वाईट बोलल्याचे ऐकिवात नाही. शिवाय टिमलीच्या गिटारला व्हॉल्व्हची खरखर हवी आहे कुठे? तिला सूर स्वच्छ, ठसठशीत आणि ढोलाच्या वर ऐकू येणारा हवा.

आपल्याकडे ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची ओळख गिटारमुळे झाली नाही. ती झाली गणपतीमुळे, निवडणुकीमुळे आणि लग्नाच्या मांडवामुळे. १९४० पासूनची दिल्लीची अहुजा कंपनी गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात जाऊन बसली. वीज असेल तिथे विजेवर आणि नसेल तिथे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी तिची यंत्रे डोंगरी मुलुखाला फार सोयीची होती. पाल्को, स्ट्रेंजर ही देशी नावे गिटारवाल्यांच्या ओळखीची. यांचा आवाज विलायती ॲम्पइतका नखरेल नसेल, पण जुन्या बाजारात ती दिसली तर नाक मुरडू नये. त्यांतले सुटे भाग आपल्या पेठेतले असतात.

दुरुस्तीचा प्रश्न इथेच सुटतो. दहा-वीस वॅटच्या लहान ॲम्पच्या पोटात सहसा टीडीए २०३० किंवा २०५० सारखी एखादी आयसी असते. तीच आयसी टेपरेकॉर्डरच्या डेकमध्ये, घरगुती होम थिएटरमध्ये आणि संगणकाच्या स्पीकरमध्येही असे. म्हणजे नंदुरबारला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ती असण्याची बरीच शक्यता. मोठ्या यंत्रांत जुन्या काळचा धातूच्या टोपीचा ३०५५ किंवा अलीकडची ५२००-१९४३ ही जोडी असते. कारागिराला एवढे आकडे सांगितले की पुरते. मात्र या जोडीचे बनावट ट्रान्झिस्टर बाजारात उदंड आहेत. वरची छपाई हुबेहूब, आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र नखाएवढाही नाही. फारच स्वस्त जोडी कोणी देऊ लागला तर ती पहिल्याच लग्नात जळणार असे समजावे.

याच कारणासाठी चकचकीत डिजिटल इफेक्टचे जुने ॲम्प मी टाळायला सांगेन. एका बटणात दहा ॲम्पचे आवाज काढणारी ही यंत्रे नवी असताना मजेदार वाटतात. पण आत तांदळाच्या कणीएवढे भाग आणि कंपनीची खास चिप. ती गेली की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा मुरलेला कारागीरही हात जोडतो. साधे तीन-चार नॉब, मागे उघडता येणारी लाकडी पेटी, आत हाताने डाग देता येईल असा सुटसुटीत बोर्ड, एवढे असले की झाले.

आता वॅट. या शब्दाने जितकी फसवणूक होते तितकी दुसऱ्या कशाने होत नसेल. पन्नास वॅटचा सोडून शंभर वॅटचा घेतला तर आवाज दुप्पट होतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केल्यावर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. तेव्हा जास्त वॅटसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हा हिशेब मांडावा. बँडच्या गाडीवर गिटारचा आवाज मिक्सरमधून मोठ्या यंत्रांनाच जातो. मुलाचा स्वतःचा ॲम्प त्याला लागतो तो घरी सराव करायला आणि गाडीवर आपली तार आपल्याला ऐकू यायला. त्यासाठी पंधरा-वीस वॅट पुष्कळ झाले. आतला स्पीकर आठ किंवा दहा इंची असावा. मागे ‘लाइन आउट’ची जागा असली तर सोन्याहून पिवळे, म्हणजे सरळ तिथून मिक्सरला वायर जोडता येते. असा जुना ॲम्प साधारण तीन ते पाच हजारांत मिळून जातो.

विकणारा म्हणेल, “दादा, काल रात्रीपर्यंत चालू होता.” सगळेच विकणारे असे म्हणतात. आपण आपली गिटार आणि आपली वायर घेऊन जावे, कारण दुसऱ्याच्या खराब वायरचा दोष ॲम्पवर जातो, किंवा ॲम्पचा दोष वायरवर ढकलला जातो. सुरू करण्याआधी फ्यूज काढून पाहावा. काचेच्या नळीऐवजी तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आढळली, तर फ्यूज वारंवार उडत होता आणि मालकाने त्यावर आपल्या पद्धतीचा इलाज केला, एवढे समजून घ्यावे. मग मागचे झाकण उघडायला लावावे. जळका वास, ट्रान्सफॉर्मरवर काळपट डाग, फुगलेल्या डोक्याचे कंडेन्सर या गोष्टी कोणालाही दिसतात. उंदराचे घरटे आणि मेलेली पाल यांचीही तयारी ठेवावी. सुरतेकडून, मुंबईकडून आलेल्या ॲम्पचे स्क्रू जरूर पाहावेत. खाऱ्या हवेने ते गंजले असतील तर आतले सांधेही सुटलेले नसतील.

नंतर सारे नॉब शून्यावर ठेवून, गिटार न जोडता ॲम्प सुरू करावा. किंचित ‘धप्‌’ होऊन शांतता, ही चांगली खूण. आवाज शून्यावर असूनही जाड गुणगुण येत राहिली तर कंडेन्सर वाळले असावेत. हे वयाचे दुखणे आहे, शे-दोनशेत बरे होते, तेव्हा भाव पाडायला उत्तम निमित्त. नॉब फिरवताना कर्रकर्र झाली तर ती धूळ. त्यासाठी फवारा मिळतो. ॲम्प मुकाच आहे, दिवा लागतो पण आवाज नाही, असे असेल तर हेडफोनच्या भोकात पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करून पाहावी. या भोकातच एक पट्टी असते, हेडफोन घातला की ती स्पीकर तोडते. तिच्यावर काट चढली की स्पीकर कायमचा तुटलेला राहतो. ‘मेलेले’ म्हणून विकले जाणारे कित्येक ॲम्प एवढ्याने उठून बसतात. विकणाऱ्यासमोर उठले तर भाव वाढेल, तेव्हा जरा जपून!

स्पीकरचा कागद बोटांनी अलगद आत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकली आहे किंवा जळली आहे. कशामुळे, तेही विचारावे. गिटारच्या लहान ॲम्पवर कोणी बेस गिटार वाजवली असेल तर तो कागद आणि ती कॉइल मार खाऊन चुकलेली असते. बँडच्या मुलांत ही देवघेव सर्रास चालते. शेवटची कसोटी वेळेची. चांगला पाऊण तास वाजवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ट्रान्झिस्टरची पुष्कळ दुखणी गरम झाल्यावरच बाहेर येतात. ढोल तापवला की बोलतो, हे यंत्र तापले की गप्प बसते. वैशाखातल्या लग्नात तर ते उन्हातच असणार. मधूनच पेटीवर मुठीने ठोकावे. ठोकल्यावर आवाज गेला-आला तर कुठे तरी डाग सुटला आहे. तो सापडला तर दहा मिनिटांचे काम, आणि न सापडला तर महिनाभराची कटकट.

परदेशातून कोणी आणलेला ॲम्प असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय पिन लावू नये. जपानमध्ये घरची वीज शंभर व्होल्टची, अमेरिकेत एकशेवीसची, आपल्याकडे दोनशेतीसची. शंभरवाला ॲम्प सरळ आपल्या भिंतीत खोचला की विकणाऱ्याची जबाबदारी आणि यंत्राचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही एकदमच संपतात. आपल्याकडेही डोंगरात दाब कधी इतका पडतो की दिवा मिणमिणतो, आणि जनरेटरवर तो एकदम उसळतो. साधा स्टॅबिलायझर सोबत ठेवलेला बरा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख कोणी कापून ठेवला तरी चालेल, ती सांगतो. ॲम्पची तीन पिनांची वायर पाहावी. तिसरी, मोठी पिन तोडून टाकलेली किंवा वायर बदलून दोनच पिनांची केलेली असेल, तर घेणाऱ्याने ती आधी पूर्ववत करून घ्यावी, मगच हात लावावा. गिटारच्या तारा ॲम्पच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या असतात. आत कुठे वीज उतरली आणि अर्थिंग नसले, तर ती तारांवर येऊन थांबते. वाजवणाऱ्याचे बोट तारेवर आणि ओठ माइकला, की वर्तुळ पुरे होते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वॉन्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच मंचावर गेला. त्याचा हात अर्थिंग नसलेल्या माइकला लागला होता. तो हजारो रुपयांची यंत्रे वापरणाऱ्या नामवंत बँडमधला होता. आपल्याकडे उघड्यावर, नांगरलेल्या शेतात, ओल्या मांडवात, आकड्यावरच्या विजेवर पोरे वाजवतात. दहा-वीस रुपयांचा टेस्टर खिशात ठेवावा, सुरू केल्यावर आधी तारांना आणि माइकच्या जाळीला लावून पाहावा, आणि तो उजळला तर वधूपक्ष कितीही घाई करो, वाजवू नये. गुणगुण कमी व्हावी म्हणून अर्थिंगची पिन काढण्याची एक वाईट सवय साउंडवाल्यांत आहे. वडीलधाऱ्यांनी एवढे एक पाहिले तरी पुरे, बाकीचे मुलांना आपोआप कळते.

घरातल्यांची दुसरी तक्रार आवाजाची असते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई करतात. ठरावीक सणांना, वर्षातून पंधराहून जास्त नाहीत अशा दिवशी, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. घरातल्या सरावाला हेडफोनचे भोक कामी येते. ते साफ करून घेतले की मुलगा रात्री हवे तितके वाजवतो आणि आजीला झोप लागते.

राहता राहिला खरेदीचा मुहूर्त. ऊसतोडीचा हिशेब हाती येतो तो नेमका लग्नसराईच्या तोंडावर, आणि बँडपार्ट्यांना यंत्रे हवी असतात तीही तेव्हाच. जुन्या मालाचा भाव त्या दिवसांत चढलेलाच असणार. आषाढात गाड्या थांबतात, पार्ट्या मोडतात, नव्या जुळतात, कोणाला बियाण्याला पैसे हवे असतात, आणि मग तोच ॲम्प उतरत्या भावात समोर येतो. ज्या घरात पैसे तोवर टिकतील त्यांनी थांबावे. फक्त पावसाळ्यात घेतलेले यंत्र जमिनीवर ठेवू नये; फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा तासभर सुरू करावे, म्हणजे आतली ओल वाळते आणि स्पीकरच्या कागदाला बुरशी धरत नाही. मागची बाजू उघडी असेल तर तिला बारीक जाळी ठोकावी. उंदराला ट्रान्सफॉर्मरची ऊब फार आवडते.